गोड गार चहा कमी साखरेत जमवता येईल का?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत साउथ कॅरोलायनात राहतो, यंदा अकरा वर्षं होतील. इथे उन्हाळा सुरू झाला की घरोघरी फ्रिजमध्ये एक मोठी काचेची बरणी दिसतेच, स्वीट टीची. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी अशी बरणी कवेत धरून दारात उभ्या होत्या. पुढे त्यांनीच मला तो चहा शिकवला. लिटरभर पाणी उकळायचं, त्यात मोठ्या आकाराच्या चार टी बॅग आणि चिमूटभर खायचा सोडा टाकून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. मग बॅगा चमच्याने दाबून चांगल्या पिळून काढायच्या, चहा गरम आहे तोवर दीड कप साखर विरघळवायची आणि गार पाणी घालून गॅलन पुरा करायचा. म्हणजे पावणेचार लिटरला थोडासा जास्तच.

मार्चमध्ये नवऱ्याचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोड काय काय पिता?" घरी येऊन मी काट्यावर दीड कप साखर तोलली. ३०० ग्रॅम! अशी बरणी आमच्याकडे आठवड्याला दोनदा होते.

साखर एकदम निम्मी करून पाहिली. काढा झाला. स्टीव्हिया (एका झाडाच्या पानांपासूनचा बिनसाखरेचा गोडवा) घातलं, तर गिळल्यावर जिभेवर काहीतरी रेंगाळत राहिलं. मध घातला, तर चहाऐवजी मधाचाच वास. लेकीने (वय ९) घोट घेऊन ग्लास बाजूला सरकवला आणि आता ती विकतची बाटली मागते. नवऱ्याने तर चहाच सोडून दिला.

मला तेच फार लागलं. संध्याकाळी दोघं पोर्चवर बसायचो, ग्लासात बर्फ वाजायचा आणि दिवसभराचं बोलणं व्हायचं. आता तो साधं पाणी पिऊन दहा मिनिटांत आत जातो. साखर कमी हवी आणि चहाही चहासारखा लागायला हवा. कुणी जमवलंय का?

आबा_देशावरचे
चहा गार झाला की आमच्याकडे तो पुन्हा गरम करतात. :) पण तुमची ती संध्याकाळ परत यायला हवी. वाचतोय.

गुलबक्षी
गूळ घाला ना! साखर विष आहे, गुळात लोह असतं. आम्ही सगळी सरबतं गुळावरच करतो.

स्टेथोस्कोप
गुलबक्षीताई, राग मानू नका, पण हे रोज ऐकते म्हणून लिहिते. गूळ चवीला छान आहे, मीही पोळीबरोबर खाते. पण रक्तातल्या साखरेच्या हिशेबात गूळ म्हणजे साखरच. ३०० ग्रॅम साखरेऐवजी ३०० ग्रॅम गूळ घातल्याने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं काहीही भलं होत नाही. मधाचंही तेच.

रानजाई, एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा उंबरठा. इथून मागे फिरता येतं, घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ सालचं मार्गदर्शन असं आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाला ते ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. तुमच्या बरणीतल्या एका मोठ्या ग्लासात किती जाते ते मोजा.

चहाबाज
मी मोजतो. ३०० ग्रॅम भागिले ३.८ लिटर, म्हणजे लिटरला ७९ ग्रॅम. ३५० मिलीच्या ग्लासात २७-२८ ग्रॅम. एका ग्लासातच दिवसाचा कोटा संपला.

अटलांटावासी
चहाबाज, ग्लासात निम्मा बर्फच असतो हो. प्रत्यक्ष चहा २४० मिली धरा, १९ ग्रॅम होते. अर्थात इकडे एका ग्लासावर कोण थांबतं? हॉटेलात ग्लास रिकामा व्हायच्या आत येऊन भरून जातात.

रानजाई, आम्ही जॉर्जियात. बाहेर गेलो की मी "निम्मा गोड, निम्मा बिनसाखरेचा" असा मिसळून मागते, कुणी भुवया उंचावत नाही. घरीही सुरुवात तिथून करता येईल.

आणि इथे हा चहा किती जिव्हाळ्याचा आहे ते सांगते. २००३ साली जॉर्जियाच्या विधिमंडळात विधेयक आलं होतं, की जे हॉटेल गार चहा विकेल त्याने गोड चहाही ठेवलाच पाहिजे. १ एप्रिलची गंमत होती ती, पण माझ्या सहकाऱ्यांना अजूनही तो कायदा व्हायला हवा होता असं वाटतं.

रसायनी
मला वेगळंच विचारायचं आहे. रानजाई, बॅगा पिळता का म्हणून? आणि वीस मिनिटं कशासाठी?

साखरेकडे नंतर येऊ, आधी ती कशावर पांघरूण घालतेय ते पाहू. उकळत्या पाण्यात काळा चहा वीस मिनिटं ठेवला की रंग आणि वास पहिल्या चार-पाच मिनिटांतच उतरलेला असतो. त्यानंतर येतो तो मुख्यतः तुरटपणा. वर बॅग पिळली की पानांत अडकलेला सगळ्यात कडक अर्क भांड्यात येतो. जीभ कोरडी पडते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. मग त्यावर सोडा आणि त्यावर ३०० ग्रॅम साखर. तुम्ही साखर निम्मी केलीत तेव्हा चहा कमी गोड झाला असं नाही, झाकलेला तुरटपणा उघडा पडला. म्हणून काढा लागला.

दुसरी गोष्ट, गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. आइस्क्रीम वितळल्यावर चाखून बघा, नको इतकं गोड लागतं. साखर तेवढीच असते. म्हणजे गार चहा गरम चहाइतका गोड लागावा असा हट्ट धरला की साखर वाढणारच.

तेव्हा चहा बदला. साखर आपोआप उतरेल.

पिवळी_अबोली
अरे वा, असा विचारच केला नव्हता कधी. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_ठसका
नागपुरात ४५ डिग्रीत जो गार चहा लागतो तो सांगतो. संत्र्याची साल! आतला पांढरा भाग काढून टाकायचा, नाहीतर कडू होते. फक्त केशरी सालीच्या चार पट्ट्या चहात टाकून रात्रभर फ्रिजात ठेवा. वासानेच अर्धी गोडी येते. दुसरी युक्ती माझ्या आईची, चमचाभर बडीशेप फडक्यात बांधून त्यातच सोडायची. बडीशेपेला अंगचा गोडवा आहे. उन्हाळ्यात बडीशेप-खडीसाखरेचं पाणी करतो ना आपण, तसंच, फक्त खडीसाखर वगळून.

मांडवीकाठ
फडक्यावरून आठवलं, आमच्या गोव्यात आजी कोकमाची सोलं अशीच फडक्यात बांधून पाण्यात सोडायची. चहाबिहा राहू दे, कोकम सरबत करा हो!

वऱ्हाडी_ठसका
कोकम सरबतात साखर किती जाते ते सांगा की आधी.

मांडवीकाठ
...बरीच. :) पण आमच्याकडे सोलांचं नुसतं मिठाचं पाणीही पितात, त्यात साखर शून्य. हां, मिठावरून एक कामाची गोष्ट. चहाच्या बरणीत चिमूटभर मीठ टाका, खारट लागणार नाही इतकंच. कडूपणा दबतो आणि आहे ती साखर वर येते. पन्ह्यात मीठ घालतो ते काय उगाच?

गुलबक्षी
गुळाचं कळलं, डॉक्टर. खरंच माहीत नव्हतं. मग ज्येष्ठमध चालेल का? काडी उकळली की पाणी गोड होतं, साखर अजिबात नको.

स्टेथोस्कोप
गोड होतं हे खरं, ज्येष्ठमधातला ग्लायसिरायझिन साखरेपेक्षा कितीतरी पट गोड असतो. पण रोज आणि ग्लासभर नको. त्याने रक्तदाब वाढतो, शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. खोकला झाला, काडी चघळली, ते वेगळं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर लांबच राहावं.

स्टीव्हियाबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले म्हणून इथेच लिहिते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला म्हणून असे बिनसाखरेचे गोडवे वापरू नयेत. स्टीव्हियाही त्यात आलं. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्यासाठी ते मार्गदर्शन नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझं स्वतःचं मत विचाराल तर गोड लागण्याची सवयच हळूहळू उतरवणं हा खरा इलाज.

शर्करामुक्त
असहमत. मला टाइप २ मधुमेह आहे, सात वर्षं. चहात स्टीव्हियाचे दोन थेंब घालतो, डॉक्टरांच्या संमतीने. ते नसतं तर मी कधीच साखरेकडे परत गेलो असतो. सवय उतरव म्हणणं सोपं आहे, ज्याला रोज चार वेळा हात आवरावा लागतो त्यालाच ते कळतं. मागे रेंगाळणारी चव मलाही नकोशी वाटायची. लिंबू जास्त पिळलं की जाणवत नाही.

स्टेथोस्कोप
शर्करामुक्त, तुमचं बरोबर आहे. तुमच्या बाबतीत मी वेगळं काही सांगितलं नसतं. मी नऊ वर्षांच्या मुलीचा विचार करून लिहिलं. तिची जीभ अजून घडतेय.

चहाबाज
आता चहाकडे वळू या का? धागा चहाचा आहे आणि चहाच कुणी बदलेना!

घरी दुधाच्या चहासाठी जी बारीक दाणेदार पावडर असते ती यात वापरू नका. ती दूध आणि साखर पेलायलाच केलेली असते, मिनिटात कडक होते. सबंध पानाचा चहा घ्या. दार्जिलिंग चांगला, पण माझं मत नीलगिरीला. हा चहा गार केल्यावरही स्वच्छ राहतो. आसाम कडक केला आणि तसाच फ्रिजात ठेवला की गढूळ होतो, दूध सांडल्यासारखा ढग येतो त्यात.

रसायनी
तो ढग म्हणजे चहातले तुरट घटक आणि कॅफीन गार होताना एकमेकांना धरून बसतात. चहा खराब झालेला नसतो. थोडं उकळतं पाणी घातलं की निवळतो. चहा जितका कडक आणि जितका पटकन गार कराल तितका ढग दाट. आधी ओट्यावर निवू द्यावा आणि मग फ्रिजात.

पण सगळ्यात सोपं म्हणजे गॅस पेटवूच नका. गार पाण्यातच चहा भिजवा. लिटरला दहा ग्रॅम पान, आठ ते दहा तास, फ्रिजमध्ये. गार पाण्यात तुरट घटक कमी उतरतात, कॅफीनही कमी. जो चहा मिळतो तो इतका मऊ असतो की अर्ध्याहून कमी साखर पुरते.

पिवळी_अबोली
मी बरणी गच्चीवर उन्हात ठेवते दुपारभर. रंग काय सुंदर येतो! तेही चालेल ना?

स्टेथोस्कोप
ते नको, अबोली. उन्हात पाणी कोमट होतं, जंतू मरतील इतकं तापत नाही. कोमट पाणी आणि चार-पाच तास म्हणजे जंतूंना आमंत्रणच. फ्रिजातच ठेवा. नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर आधी उकळून गार केलेलं वापरा, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

पिवळी_अबोली
बापरे. आजपासून बंद.

इतिहासप्रेमी_नाशिक
थोडं अवांतर, पण उपयोगाचं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतली या गोड गार चहाची छापील कृती १८७९ सालच्या व्हर्जिनियातल्या एका पाकपुस्तकात सापडते. त्यात हिरवा चहा आहे! साधारण लिटरभर पाण्याला दोन चमचे पान, सकाळी करून ठेवायचा, न ढवळता गाळायचा, खाली बसलेला गाळ मागे ठेवायचा. ग्लास बर्फाने भरून प्रत्येकात दोन चमचे साखर, वरून चहा. शेवटी लिंबू पिळा म्हटलंय, कारण त्याने तुरटपणा सुधारतो.

म्हणजे मूळ कृतीत ग्लासाला दोनच चमचे, आठ ग्रॅमच्या आसपास. रसायनी म्हणतात ते सगळं त्यात आहे. ढवळू नका, गाळ घेऊ नका, तुरटपणाला लिंबू.

आणि आपला संबंध म्हणाल तर १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडेन हे गृहस्थ गेले होते. उन्हाच्या तडाख्यात गरम चहा कोण पिणार? त्यांनी तो गार करून वाटला आणि रांगा लागल्या. गार चहा त्याआधीही होता, पण लोकप्रिय होण्यात त्या उन्हाळ्याचा वाटा मोठा.

आबा_देशावरचे
सुरेख माहिती. घाण्याच्या बैलासारखे आपण साखरेभोवती फिरत होतो, उत्तर दीडशे वर्षं जुनं निघालं.

कुंदा_मावशी
मुलींनो, एक सांगू? जेवताना नको हो हा चहा. माझं हिमोग्लोबिन साडेआठला गेलं होतं तेव्हा कळलं, जेवणाबरोबर चहा घेतला की भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही. तास-दीड तास जाऊ द्या मध्ये. लिंबू पिळलं तर थोडी भरपाई होते म्हणे.

स्टेथोस्कोप
मावशी, अगदी बरोबर. बायकांनी तर हे पाळायलाच हवं. आणि साखर कमी झाली म्हणून बरणीच्या बरणी पिऊ नका. २०१५ साली आर्कान्सामधल्या एका रुग्णाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली होती. रोज सोळा ग्लास गार चहा, आणि चहातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकाने मूत्रपिंडं निकामी. दोन-तीन ग्लासांना काही होत नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांनी मात्र जपून.

अटलांटावासी
रानजाई, एक घरगुती तोडगा. साखर बरणीत घालूच नका. साखर आणि पाणी समान वजनाने उकळून पातळ पाक करून बाटलीत ठेवा. गार चहात साखरेचे दाणे तळाशी बसून राहतात, पाक एका ढवळण्यात मिसळतो. चहाच्या चमच्याला साधारण तीन ग्रॅम साखर येते. ज्याचा त्याने आपापला घालावा. आमच्याकडे सासूबाई शून्य, मी एक, नवरा चार. भांडण नाही.

शर्करामुक्त
हे उत्तम. बरणीत साखर असली की सगळ्यांना सगळ्यात गोडखाऊ माणसाइतकी प्यावी लागते.

तीन_बोटं
विकतची आइस्ड टीची पावडर घ्या की. कटकट नाही.

चहाबाज
पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. घरातल्या पुड्यावर पहिलं नाव साखर आहे, चहा शेवटून तिसरा.

तीन_बोटं
आत्ता वाचला. माझ्याही. पुडा संपला की बघतो.

रानजाई
तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले होते.

पहिल्या रात्री काहीच बदललं नाही, फक्त चहा पाचव्या मिनिटाला काढला आणि बॅगा न पिळता अलगद उचलल्या. हात शिवशिवत होते, अकरा वर्षांची सवय! साखर एक कप घातली, २०० ग्रॅम. कुणाला काही सांगितलं नाही. लेकीने ग्लास संपवला. तिसरा हिस्सा साखर गेली आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात भारतीय दुकानातून नीलगिरीचं पान आणलं. रात्री गार पाण्यात भिजवलं, सोबत संत्र्याच्या चार पट्ट्या. सकाळी दिव्यासमोर बरणी धरली, तर पलीकडची खिडकी दिसत होती. पूर्वीचा चहा असा कधीच नव्हता, नेहमी गढूळ. मीठ चिमूटभर. बडीशेपेचाही प्रयोग केला. मला आवडला, लेक म्हणाली "औषध".

आता बरणीत साखर नाही, पाकाची बाटली वेगळी. पहिल्या दिवशी लेकीने पाच चमचे घातले. मी काही बोलले नाही. ती स्वतःच मोजते आणि फ्रिजवर लिहून ठेवते. काल तीनवर आली. नवरा एक चमचा आणि अर्धं लिंबू. म्हणजे १९ ग्रॅमच्या जागी ३.

शेजारच्या आजींना ग्लासभर दिला. त्यांनी घोट घेतला, जरा थांबल्या, पाकाची बाटली पुढे ओढली आणि चांगले सात चमचे घातले. मग म्हणाल्या, "चहा छान झालाय गं." त्यांचं वय ८४ आहे, त्यांना कुणी काही सांगू नये.

काल आम्ही दोघं पोर्चवर पावणेनऊपर्यंत होतो.

कुंदा_मावशी
डोळे भरून आले गं.

स्टेथोस्कोप
छान! एचबीए१सी लगेच तपासू नका. ते साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्याआधी खरं चित्र दिसत नाही. चालणं चालू ठेवा म्हणावं त्यांना.

रानजाई
हो डॉक्टर, तारीख ऑगस्टअखेरची घेतली आहे.

पिवळी_अबोली
सोडा घालायचा की नाही ते राहिलंच!

रानजाई
तो तुरटपणा मारायला होता. आता बरणीत तुरटपणाच नाही, त्यामुळे डबा परत भजीच्या सामानात गेला.